टाकी का तापते आणि ती धग कशी वळवायची

मे महिन्यात अकोला, जळगाव किंवा चंद्रपूरला भर दुपारी मोटरसायकल चालवणाऱ्याला पेट्रोलची टाकी तापते हे वेगळं सांगावं लागत नाही. गुडघ्याच्या आतल्या बाजूला चटका बसतो, सीटचा पुढचा भाग भाजतो, झाकण उघडलं की फुस्स करून वाफ बाहेर येते. मुंबई-पुण्याच्या रहदारीत हेच डिसेंबरातही घडतं. तिथे तेवढं ऊन नसतं, पण गाडी पुढे सरकत नाही आणि इंजिनाला वारा लागत नाही. बहुतेक जण मग बाजारातून चंदेरी चिकट शीट आणतात आणि टाकीच्या पोटाला लावतात. कधी फरक पडतो, कधी अजिबात पडत नाही, आणि कधी गाडी पूर्वीपेक्षा जास्त कुरकुरते.

टाकीपर्यंत उष्णता वेगवेगळ्या वाटांनी येते आणि प्रत्येक वाटेवरचा इलाज वेगळा असतो, म्हणून असं होतं. वाट न ओळखता लावलेली शीट हा अंदाजाने मारलेला दगड आहे. माझा आग्रह एवढाच आहे की शीट शेवटी लावा. त्याआधी मोजा, टाकी उतरवून खाली पाहा, इंजिन गरजेपेक्षा जास्त तापत असेल तर ते आधी सुधारा, आणि गरम हवेला बाहेर पडायला जागा आहे ना याची खात्री करा. पुढचं सगळं १०० ते ४५० सीसीच्या, एका सिलिंडरच्या गाड्या डोळ्यांसमोर ठेवून लिहिलं आहे. हवेवर थंड होणाऱ्या, ऑइल कूलरच्या आणि रेडिएटरच्या, अशा तिन्ही प्रकारांना ते लागू पडतं.

उष्णतेच्या तीन वाटा

जळलेल्या पेट्रोलमधल्या ऊर्जेचा ढोबळ मानाने पाव ते एक तृतीयांश हिस्साच चाकापर्यंत पोचतो. बाकीची ऊर्जा उष्णता होऊन हेड (इंजिनाचा सर्वांत वरचा भाग), ब्लॉक (त्याखालचा सिलिंडरचा भाग) आणि सायलेन्सरमधून बाहेर पडते. टाकी नेमकी हेडच्या वर बसलेली असते, आणि गरम हवा वरच जाते.

पहिली वाट हीच, गरम हवेची. गाडी पळत असते तेव्हा ही हवा मागे वाहून जाते. सिग्नलला थांबलात की ती टाकीच्या पोटातल्या खोलगट भागात साचते. दुसरी वाट धगीची. चुलीसमोर बसल्यावर तोंडाला लागते तशी ही उष्णता हवेचा आधार न घेता सरळ रेषेत येते, आणि ती मुख्यतः बेंड पाइप (हेडपासून सायलेन्सरकडे जाणारी वाकडी नळी) आणि हेडकडून येते. तापमान थोडं वाढलं की धग फार वाढते. पाइप ३०० अंशांवरून ४०० अंश सेल्सिअसवर गेला तर धग जवळजवळ दुप्पट होते. तिसरी वाट धातूची. टाकीचं रबर झिजून टाकी थेट फ्रेमला टेकली असेल, एखादा क्लॅम्प टाकी आणि हेडचा ब्रॅकेट यांच्यात अडकला असेल, तर उष्णता धातूतून चढते. ही वाट सर्वांत कमी वेळा सापडते, पण सापडली तर तिचा इलाज सर्वांत स्वस्त असतो.

चौथा हिशोब उन्हाचा. काळी टाकी उन्हात तासभर उभी राहिली तर इंजिन सुरू न करताही हात ठेवता येत नाही. हे लक्षात ठेवलं नाही तर मोजमाप पूर्ण चुकतं.

आधी मोजा

इन्फ्रारेड थर्मामीटर, म्हणजे पिस्तुलासारखं दिसणारं यंत्र, आता बऱ्याच गॅरेजमध्ये असतं. ते वापरताना दोन गोष्टी सांभाळा. चकचकीत क्रोम किंवा उघड्या ॲल्युमिनियमवर ते खऱ्यापेक्षा खूप कमी आकडा दाखवतं. म्हणून टाकीवर जिथे मोजायचं आहे तिथे साध्या मास्किंग टेपचा तुकडा लावा आणि टेपवर मोजा. दुसरं, यंत्र जवळ धरा. १२:१ असं लिहिलेलं यंत्र १२ सेंटिमीटरवरून १ सेंटिमीटर रुंदीचा ठिपका वाचतं. हात लांब गेला की शेजारचा तापलेला भागही त्याच आकड्यात मिसळतो. हे यंत्र नसेल तर थर्मोकपल, म्हणजे तापमान मोजणारी तार, लावता येणारा मल्टिमीटर चालतो.

टेपचे तुकडे पाच जागी लावा : टाकीचा पुढचा भाग हँडलजवळ, डावा गुडघा, उजवा गुडघा, सीटला टेकणारं मागचं टोक, आणि हात पोचत असेल तर टाकीच्या पोटाची कड. संध्याकाळी ऊन उतरल्यावर गाडी काढा आणि चार वेळा नोंद करा : थंड असताना, मोकळ्या रस्त्यावर वीस मिनिटं चालवल्यावर लगेच, त्यानंतर पाचएक मिनिटं जागेवर चालू ठेवल्यावर, आणि इंजिन बंद केल्यावर दहा मिनिटांनी. शेवटची नोंद लोक घेतच नाहीत, आणि अनेकदा सर्वांत मोठा आकडा तिथेच मिळतो. इंजिन बंद झालं की वारा, तेलाचं फिरणं आणि बहुतेक गाड्यांत पंखाही थांबतो, पण हेडमधली साठलेली उष्णता वर चढतच राहते.

आता हे आकडे वाचू. चालताना ठीक आणि थांबल्यावर वाढतं, तर गरम हवा साचते आहे. चालतानाही एकाच बाजूचा गुडघा तापतो आणि बेंड पाइप त्याच बाजूला आहे, तर धग आहे किंवा पाइपच्या जोडातून गळती आहे. टाकीचा एक छोटा भाग, विशेषतः माउंटिंगजवळचा, बाकीच्यापेक्षा ठळकपणे गरम आहे, तर धातूला धातू टेकलेला असण्याची शक्यता मोठी. सगळीकडे सारखंच आणि खूप तापतं, तर इंजिनच गरजेपेक्षा गरम चालतं आहे का ते पाहा. ऊन नसताना टाकीचा पत्रा बाहेरच्या हवेपेक्षा दहा-पंधरा अंश वर असेल तर मी त्यामागे लागत नाही. गुडघ्यापाशी ६० अंशांच्या आसपास आकडा असेल तर मात्र लागतो. ६० अंशांच्या पत्र्यावर हात काही क्षणांपलीकडे ठेवता येत नाही.

टाकी उतरवताना

हा भाग घाईने वाचू नका. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड असते. ती वर उडून जात नाही, जमिनीवरून सरपटत लांब जाते. हवेत ती साधारण दीड ते साडेसात टक्के असली की ठिणगीने पेट घेते. म्हणून हे काम बंद पार्किंगमध्ये, जिन्याखाली किंवा गॅस गीझर असलेल्या बाथरूमच्या खिडकीखाली करायचं नाही. अंगणात देवापुढचा दिवा किंवा तुळशीपाशी निरांजन तेवत असेल तर ते काम संपेपर्यंत नको. ड्राय पावडरचं एक-दोन किलोचं अग्निशामक हाताशी ठेवा. पेटलेल्या पेट्रोलवर पाणी ओतलं तर आग पसरते.

गाडी पूर्ण थंड होऊ द्या. टाकीत दोन-तीन लिटरच पेट्रोल असेल असा दिवस निवडा, कारण भरलेली टाकी उचलताना हातातून निसटते आणि पाइप ओढला जातो. सीट काढा. कार्बोरेटरच्या गाडीत आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडा, मग पेट्रोल कॉक बंद करून पाइप काढायचा. फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत पाइपमध्ये साधारण ३ बारचा दाब असतो, तो आधी उतरवावा लागतो. बॅटरी जोडलेली असतानाच टाकीखालचा पंपाचा कपलर, म्हणजे वायरचा जोड, काढा, इंजिन सुरू करा, ते आपोआप बंद पडेल. मग एक-दोन वेळा सेल्फ मारा, आणि त्यानंतर बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडा. तरीही पाइप काढताना जोडाभोवती जाड फडकं गुंडाळा आणि डोळ्यांवर चष्मा ठेवा.

पाइप काढण्याआधी मोबाइलवर फोटो काढा. टाकीला ओव्हरफ्लोचा, पावसाचं पाणी काढणारा आणि वाफेचा असे दोन-तीन बारीक पाइप असतात. त्यांना टेपच्या चिठ्ठ्या लावून ठेवा. उलटसुलट जोडलेला वाफेचा पाइप नंतर अनेक दिवस छळतो.

टाकीखाली काय शोधायचं

पहिलं शोधा ते कंपनीने दिलेलं रबराचं किंवा चंदेरी आवरण. अनेक गाड्यांमध्ये टाकी आणि हेडच्या मध्ये रबराची एक चादर, पडदा किंवा बाजूच्या प्लास्टिकला जोडलेली पट्टी असते. सर्व्हिसिंगच्या वेळी ती परत बसवायला कटकटीची असते म्हणून काही मेकॅनिक बाजूला ठेवून देतात, आणि मालकाला ती होती हेही ठाऊक नसतं. गाडीच्या पार्ट कॅटलॉगमधलं चित्र समोर ठेवून एकेक तुकडा ताडून पाहा. मागे राहून गेलेली मूळ पट्टी परत बसवणं हा या सगळ्या लेखातला सर्वांत फायदेशीर उपाय आहे. ती पट्टी हवा कुठून कुठे जावी हे ठरवून तिथे दिलेली असते.

मग टाकीचं पोट पाहा. रंग एका जागी पिवळट किंवा तपकिरी झाला असेल तर धग तिथेच लागते. त्या जागेवरून सरळ खाली पाहिलंत की बेंड पाइप किंवा हेडचा कोपरा दिसेल. टाकीची पुढची गोल रबरं दाबून बघा. कडक, तडकलेली, चपटी झाली असतील तर बदला. पेट्रोलचा पाइप वाकवून पाहा. बारीक भेगा दिसल्या तर तो गेला. नवा घेताना इंजेक्शनच्या गाडीला इंजेक्शनसाठीचाच, जास्त दाब आणि उष्णता झेलणारा पाइप घ्या. मीटरवर मिळणारा साधा पारदर्शक पाइप तिथे धोकादायक आहे. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. जुन्या गाड्यांच्या रबराला ते मानवतंच असं नाही, म्हणून दहा-बारा वर्षांच्या गाडीचा पाइप न तपासता टाकी परत चढवू नका.

पाइपचा मार्गही बघा. तो हेडला किंवा ब्लॉकला टेकता कामा नये. बोटभर अंतर तरी हवंच. कार्बोरेटरच्या गाडीत पाइप मध्येच उंच होऊन परत खाली उतरत असेल तर त्या उंचवट्यावर वाफ अडकते आणि पेट्रोल पुढे जात नाही. लांबी थोडी कमी करून तो सतत उताराचा करा.

इंजिन मुळातच जास्त तापत असेल तर

सर्वांत आधी सायलेन्सरचं पॅकिंग. बेंड पाइप हेडला जिथे जोडतो तिथली रिंग फुटली की प्रत्येक फटक्याला जळता वायू तिथून थेट वर येतो. जोडाभोवती काळी काजळी, थंड इंजिन सुरू केल्यावर टकटक असा आवाज, ॲक्सिलरेटर सोडल्यावर सायलेन्सरमधून फटाके, ही खूण. थंड गाडीवर जोडाला साबणाचं पाणी लावून इंजिन क्षणभर सुरू करा, बुडबुडे आले की नक्की. पॅकिंग स्वस्त असतं, मात्र जुनं परत वापरू नका, आणि दोन्ही नट आलटून पालटून थोडे थोडे आवळा. गंजलेले स्टड तुटतात, म्हणून आदल्या रात्री गंज सैल करणारं तेल मारून ठेवा.

इंजिनात पेट्रोलच्या मानाने हवा जास्त जात असेल तरी एक्झॉस्ट तापतो. कार्बोरेटर आणि हेडच्या मधलं रबर तडकलं की ही बाहेरची हवा आत शिरते. एक्झॉस्टचा टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागातली फट, गरजेपेक्षा घट्ट असेल तर व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही आणि व्हॉल्व्ह व त्याची सीट जळते. दोन्ही गोष्टी सर्व्हिसिंगच्या तासाभरात तपासून होतात. ब्रेक घासत असेल, चेन फार ताणलेली असेल, क्लच घसरत असेल तर त्याच वेगासाठी इंजिनाला जास्त काम पडतं. मागचं चाक उचलून हाताने फिरवलं की निदान ब्रेकचं कळतं.

तेलाची पातळी गाडी सरळ उभी करून पाहा, साइड स्टँडवर नाही. ग्रेड कंपनीने सांगितलेलाच. उन्हाळा आहे म्हणून मनाने जाड तेल घालू नका. ऑइल कूलर आणि रेडिएटरच्या बारीक पट्ट्यांत चिखल, किडे आणि कापूस अडकतो. विदर्भ-मराठवाड्यात कापसाच्या हंगामात तर हमखास. हलक्या पाण्याच्या धारेने धुवा, शक्य असेल तर मागच्या बाजूने. वॉशिंग सेंटरच्या जोरदार धारेने पट्ट्या आडव्या होतात आणि मग हवा जन्मभर अडते.

कूलंटमध्ये बोअरचं पाणी घालू नका. आपल्याकडच्या बहुतेक बोअरच्या पाण्यात क्षार इतके असतात की आतून थर बसतो. तयार कूलंट घ्या, किंवा कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं. रेडिएटरचं झाकण गरम असताना कधीही उघडायचं नाही, आतलं पाणी १०० अंशांच्या वर असूनही केवळ दाबामुळे उकळत नसतं. पंखा फिरतो का हे जागेवर चालू ठेवून एकदा स्वतः पाहा.

गरम हवेला वाट

हवेवर थंड होणाऱ्या गाडीचं सगळं आयुष्य समोरून येणाऱ्या वाऱ्यावर असतं. क्रॅश गार्डला बांधलेलं रेक्झिनचं कव्हर, पावसाळ्यात लावलेला आणि उन्हाळ्यापर्यंत राहिलेला प्लास्टिकचा पडदा, गार्डला टांगलेली पिशवी, नेमकी ब्लॉकसमोर बसवलेली मोठी एलईडी दिव्यांची जोडी, हे सगळं तो वारा अडवतं. पावसाळी पडदा दसऱ्याला काढून ठेवण्याची सवय चांगली. ब्लॉकच्या पंखांना, म्हणजे फिनना, सुशोभनासाठी जाड रंग देऊ नका.

बाहेर जाण्याची वाटही तितकीच महत्त्वाची. रेडिएटरच्या गाडीत पंख्याने ढकललेली हवा इंजिनावरून जाते आणि बाजूच्या फटींतून निघते. त्या फटी पॅनिअरच्या (बाजूला टांगायच्या पिशव्यांच्या) पट्ट्यांनी किंवा नंतर बसवलेल्या बाजूच्या कव्हरने बुजल्या की हवा वर टाकीखाली आणि तिथून सीटकडे वळते. हात ओला करून सुरू गाडीच्या टाकीभोवती फिरवा, हवा कुठे बाहेर येते ते लगेच कळतं. त्या वेळी बेंड पाइपपासून आणि पंख्यापासून हात लांब ठेवा. मोठी टँक बॅग गरम हवा अडवत नाही, पण झाकणाच्या हवेच्या छिद्रावर दाबून बसते. तिच्या तळाला उंचवटे नसतील तर ती थोडी मागे सरकवून बांधा.

बेंड पाइपला पट्टी गुंडाळावी का

माझं मत स्पष्ट आहे : रोजच्या गाडीला, विशेषतः लोखंडी किंवा क्रोमच्या बेंड पाइपला, गुंडाळू नये. पट्टीमुळे धग कमी होते हे खरं आहे. पण कोकणातल्या आणि घाटमाथ्यावरच्या पावसात ती पाणी धरून ठेवते, आतला पाइप एक-दोन पावसाळ्यांत सडतो, आणि वरून काही दिसत नाही. इंजिनाचं तेल गळून पट्टीत मुरलं तर ती पेटूही शकते. वॉरंटीवरही त्याचा परिणाम होऊ शकतो.

स्टेनलेस स्टीलचा पाइप असेल, गाडी फार भिजत नसेल आणि तरीही गुंडाळायचीच असेल तर काचेच्या तंतूंपेक्षा बसॉल्ट खडकाच्या तंतूंची पट्टी घ्या. पंचवीस मिलिमीटर रुंदीची वळणांवर नीट बसते. हातमोजे आणि मास्क घालून, पाणी लावून थोडी मऊ करून, सायलेन्सरच्या बाजूने सुरुवात करून हेडकडे गुंडाळत या, म्हणजे रस्त्यावरून उडालेलं पाणी थरांच्या कडेतून आत शिरणार नाही. साधारण पाव इंच एकावर एक यावी, दोन थर कधीच नको. टोकं स्टीलच्या टायने बांधा. पहिल्या दोन फेऱ्यांत धूर येतो, तो मोकळ्या जागेत येऊ द्या. ऑक्सिजन सेन्सर आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर स्वच्छ करणारा भाग) यांवर पट्टी नको.

त्यापेक्षा मला जाळीदार पत्र्याचा शील्ड जास्त पटतो. पाइपपासून दहा-पंधरा मिलिमीटर अंतरावर, स्टीलच्या क्लॅम्पने बसवलेला, मागे हवा खेळती. पाइप भिजला तरी वाळतो, आणि शील्ड काढून पाहता येतो. कन्व्हर्टर काढून टाकणं हा उपाय नाही. ते बेकायदा आहे, धूर वाढतो, आणि इंजेक्शनच्या गाडीत मिश्रणाचा ताळमेळही बिघडू शकतो.

आता शीट

चंदेरी शीट फक्त धगीवर काम करते आणि तीही समोर मोकळी हवेची फट असेल तरच. स्वच्छ ॲल्युमिनियमचा पृष्ठभाग त्यावर पडलेल्या धगीचा नव्वद टक्क्यांहून जास्त भाग परत फेकतो. तोच पृष्ठभाग हेडला टेकला, तर उष्णता वाहून नेणारा धातू होतो. तेलाने आणि धुळीने माखला की परतवण्याची ताकद घटते, म्हणून वर्षातून एकदा पुसायची.

घेताना पाहा की ॲल्युमिनियमच्या मागे काचेच्या तंतूंचं कापड आहे आणि चिकटवणारा गोंद किती अंश झेलतो ते लिहिलेलं आहे. छपराखाली लावतात ती फुगेवाली चंदेरी शीट इथे अजिबात नको. तिचं प्लास्टिक शंभर अंशांच्या आसपास मऊ होऊन वितळतं आणि पेट घेतं. थर्मोकोल आणि साधा फोमही नको. स्वयंपाकघरातली फॉइल आवाज करते, फाटते आणि तिचे तुकडे वायरिंगवर पडतात.

टाकी पूर्ण रिकामी आणि कोरडी करून मोकळ्या हवेत ठेवा. टाकीचं पोट आधी साबणाच्या पाण्याने, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि पूर्ण वाळू द्या. कागदाचा नमुना कापून बसवून बघा, मगच शीट कापा. पंपाची गोल प्लेट, कॉकची जागा, बारीक पाइपांची तोंडं, माउंटिंगची रबरं आणि टाकीचा वेल्डचा जोड हे सगळं उघडं सोडा. जोड झाकला तर उद्या तिथून पाझरायला लागल्यावर पेट्रोल शीटखाली पसरेल आणि तुम्हाला वास येईल पण जागा सापडणार नाही. कोपरे गोल कापा, कडा चमच्याच्या पाठीने दाबून बसवा. ॲल्युमिनियम वीज वाहतं, त्यामुळे कॉइल, प्लगची कॅप आणि उघड्या कपलरपासून शीट लांब असू द्या.

टाकी परत चढवून हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवा, कुठली वायर दाबत नाही ना पाहा. हेड आणि शीटमध्ये किमान दहा-पंधरा मिलिमीटर फट हवी. मातीच्या गोळ्याचा तुकडा हेडवर ठेवून टाकी बसवली की दाबलेल्या गोळ्याची जाडी फट सांगते. तो काढून टाकायला विसरू नका. इंजिन सुरू करण्याआधी इग्निशन दोन-तीनदा ऑन करा, म्हणजे पंप दाब भरेल, आणि जोडाभोवती कोरडा टिश्यू फिरवा. ओला झाला तर थांबा.

पेट्रोलची पातळी, झाकण आणि कॅनिस्टर

पेट्रोल दहा अंशांना साधारण एक टक्का फुगतं. जमिनीखालच्या टाकीतलं तुलनेने थंड पेट्रोल तेरा लिटरच्या टाकीत काठोकाठ भरलं आणि गाडी उन्हात वीस अंशांनी तापली, तर पाव लिटरहून जास्त पेट्रोलला जागाच उरत नाही. ते ओव्हरफ्लोने खाली येतं, किंवा वाफेच्या पाइपातून कोळशाच्या कॅनिस्टरमध्ये जातं. हा कॅनिस्टर फक्त वाफ शोषायला बनवला आहे. द्रव पेट्रोल गेलं की तो निकामी होतो आणि मग पेट्रोलचा वास जात नाही. गळ्याच्या आतल्या पट्टीपर्यंतच भरा.

उलट बाजूही आहे. दहा लिटर पेट्रोलला सतत १०० वॅट उष्णता मिळाली तर ते एक अंश तापायला जवळपास पावणेतीन मिनिटं लागतात, दोन लिटरला अर्ध्या मिनिटाहून थोडंच जास्त. बाहेर जाणारी उष्णता यात धरलेली नाही, पण फरक कळायला पुरे. शिवाय इंजेक्शनचा पंप आजूबाजूच्या पेट्रोलनेच थंड राहतो. म्हणून उन्हाळ्यात रिझर्व्हवर फिरू नका, अर्ध्याच्या खाली काटा गेला की भरा.

झाकण गरम असताना सावकाश उघडा, आधी दाब सुटू द्या. पंपावर इंजिन बंद, मोबाइल खिशात.

गरम होऊन गाडी बंद पडली तर

कार्बोरेटरच्या गाडीत घाट चढून थोडं थांबल्यावर गाडी सुरू होत नाही, वीस मिनिटांनी होते, याचं कारण अनेकदा पाइपात किंवा कार्बोरेटरच्या बाउलमध्ये (पेट्रोल साठणाऱ्या वाटीत) झालेली वाफ असते. पण हीच लक्षणं झाकणाचं छिद्र तुंबल्यावरही दिसतात, आणि तो उपाय फुकट आहे, म्हणून तो आधी तपासा. झाकण उघडताना हवा आत ओढल्याचा आवाज आला आणि लगेच गाडी सुरू झाली, तर छिद्र साफ करा. तसं नसेल तर पारदर्शक फिल्टर पाहा. त्यात पेट्रोल दिसत नसून बुडबुडे असतील तर पाइप आणि कार्बोरेटरवर ओलं फडकं ठेवा. हेडवर किंवा बेंड पाइपवर पाणी ओतू नका, एकाएकी थंड झालेला तापलेला धातू तडकू शकतो.

इंजेक्शनच्या गाडीत पेट्रोल दाबाखाली असल्याने हे क्वचित होतं. तिथे आधी पंपाचा आवाज ऐका. आवाज येतो पण गाडी सुरू होत नाही, तर इग्निशन कॉइल किंवा सेन्सर गरम झाल्यावर दगा देतो आहे का हे मेकॅनिककडून गाडी गरम असतानाच तपासून घ्या. थंड झाल्यावर दोष सापडत नाही.

कसारा किंवा ताम्हिणी चढताना उंच गिअरवर इंजिन रडवू नका. एक गिअर खाली घ्या. वर पोचल्यावर लगेच बंद न करता शेवटचा किलोमीटर सावकाश चालवत या. लांब सिग्नलला मात्र इंजिन बंद करा.

काम झाल्यावर त्याच पाच टेपांवर, त्याच मार्गावर, तशाच हवेत पुन्हा मोजा. फरक पडला नसेल तर शीटवर शीट चढवू नका, वाट ओळखण्यात चूक झाली आहे. महिनाभराने टाकी थोडी उचलून टॉर्चने शीटच्या कडा, पाइपचे क्लॅम्प आणि टाकीची रबरं पाहा. रात्री उभ्या गाडीजवळ सकाळी पेट्रोलचा वास येत असेल तर गाडी सुरू न करता ढकलत मोकळ्यावर न्या आणि गळतीची जागा सापडल्याशिवाय किल्ली फिरवू नका.